लहान मुलांसोबत भोपळा सजवणं आणि कोरणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन ते दहा वर्षांच्या मुलांना घेऊन भोपळा रंगवायला, सजवायला किंवा कोरायला बसणाऱ्या मोठ्यांसाठी ही उत्तरं आहेत. भोपळा म्हणजे इथे सगळीकडे लाल भोपळा. वेगळं माप दिलेलं नसेल तिथे साधारण २० ते २५ सेंटिमीटर रुंद, तीन किलोच्या आसपासचा भोपळा धरला आहे.

कोणत्या वयाच्या मुलाला कोणतं काम द्यावं?

दोन-तीन वर्षांचं मूल स्टिकर लावू शकतं, स्पंजाने रंगाचे ठिपके उमटवू शकतं आणि ओल्या फडक्याने भोपळा पुसू शकतं. पुसण्याचं काम त्याला बहुतेक वेळा रंगवण्यापेक्षा जास्त आवडतं, त्यामुळे ते आधी उरकून टाकण्याची घाई करू नका. चार-पाच वर्षांचं मूल ब्रशने रंगवतं, चेहऱ्याचं चित्र काढतं, आतला गर आणि बिया उपसतं, लाकडी हातोडीने खुंट्या ठोकतं. सहा ते आठ या वयात चित्र भोपळ्यावर उतरवणं, चमच्याने आतली भिंत खरवडणं, मोठ्याने अर्धवट कापलेला तुकडा आतून ढकलून काढणं अशी कामं जमतात. भोपळ्यासाठी मिळणारी छोटी करवत नऊ-दहाच्या आधी देऊ नये, आणि तेव्हाही एका मुलामागे एक मोठा माणूस शेजारी बसलेला हवा, समोर उभा राहून सूचना देणारा नको.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा सल्ला यापेक्षाही सरळ आहे: लहान मुलांनी भोपळा कोरूच नये, त्यांनी मार्करने चेहरा काढावा आणि कापण्याचं काम पालकांनी करावं.

म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलासाठी भोपळा कोरण्यात अर्थ नाही का?

फारसा नाही. कोरण्याच्या तासाभरात पाऊण तास काम मोठ्यांचं असतं आणि मूल शेजारी बसून "झालं का?" विचारत राहतं. त्याच वेळात ते एक भोपळा रंगवून, त्यावर डोळे चिकटवून, दोन खुंट्या ठोकून मोकळं होतं, आणि तो भोपळा टिकतोही जास्त. कोरायचाच असेल तर घरात दोन भोपळे आणा: मोठा मोठ्यांनी कोरायचा, छोटा मुलाने सजवायचा. मुलाला मोठ्या भोपळ्यातला गर काढायला बोलवायचं आणि कापणं सुरू झालं की आपल्या भोपळ्याकडे परत पाठवायचं.

भोपळा निवडताना काय पाहायचं?

आधी बूड पाहा. सपाट जागेवर ठेवून हात काढला की तो स्थिर राहायला हवा. गडगडणारा भोपळा रंगवणंही अवघड आणि कोरणं धोक्याचं. मग साल: कुठे मऊ डाग, खोल ओरखडा किंवा ओलसर चट्टा नसावा. अंगठ्याने बुडाशी आणि देठाभोवती दाबून पाहा, कुजायला सुरुवात तिथूनच होते. देठ कडक आणि घट्ट बसलेला हवा. पण देठाला धरून भोपळा उचलू नका. तो मोडतो आणि मोडलेल्या जागेतून बुरशी शिरते. मुलं तर हमखास तिथेच धरतात.

रंगवायचा असेल तर गुळगुळीत, उथळ खाचांचा घ्या. खोल खाचांत स्टिकर नीट बसत नाहीत आणि ब्रशही अडकतो. कोरायचा असेल तर त्याच आकाराच्या दोनपैकी हलका निवडा, कारण त्याची भिंत पातळ असण्याची शक्यता जास्त. खाण्यासाठी घेतात तो जाड, घट्ट गराचा जड भोपळा कोरायला फार त्रास देतो.

अगदी लहान मुलांना तळहातावर मावणारे, आठ-दहा सेंटिमीटरचे भोपळे उत्तम. त्यांची साल कडक असते आणि ते कोरायचे नसतातच.

रंग सोलून निघतो. काय चुकतं?

तीन गोष्टी, आणि बहुतेक वेळा तिन्ही एकदम. सालीवर नैसर्गिक मेणासारखा थर असतो, त्यामुळे रंग धरत नाही. दुसरं म्हणजे ओलावा: थंड जागेतून आणलेल्या भोपळ्यावर खोलीत आल्यावर दव धरतं, ते डोळ्यांना दिसतंच असं नाही. तिसरं म्हणजे रंगाचा जाड थर. मुलं एकाच जागी रंग ओततात, तो वाळताना आकसतो आणि पापुद्रा होऊन सुटतो.

भोपळा आदल्या रात्रीच खोलीत आणून ठेवा. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून पुसून घ्या, साध्या पाण्याच्या फडक्याने साबण काढा, कोरड्या फडक्याने पुसा आणि तासभर तसाच राहू द्या. मग मोठ्यांनी पांढऱ्या ॲक्रिलिक रंगाचा एक पातळ हात मारून ठेवायचा. तो अर्ध्या-पाऊण तासात वाळतो आणि त्याच्यावर मुलांचा कोणताही रंग बसतो. नारिंगी सालीवर थेट दिलेला पिवळा किंवा निळा रंग मळकट दिसतो, तीही तक्रार या पांढऱ्या हाताने मिटते.

पोस्टर कलर चालतील की ॲक्रिलिकच हवेत?

ॲक्रिलिक घट्ट बसतात, पण कपड्यांवर वाळले की निघत नाहीत. पोस्टर कलर धुतले जातात, पण भोपळ्यावर वाळल्यावर भुगा होऊन झडतात. चार वर्षांखालच्या मुलांसाठी मधला मार्ग काढता येतो: तीन चमचे पोस्टर कलरमध्ये एक चमचा फेविकॉलसारखा पांढरा गोंद मिसळा. पाणी अजिबात घालू नका. हे मिश्रण सालीला धरतं आणि ओलं असताना हातावरून, फरशीवरून सहज निघतं. झाकण लावून ठेवा, नाहीतर तासाभरात त्यावर साय धरते.

एका वेळी तीनच रंग द्या. सहा वाट्या समोर ठेवल्या की दहाव्या मिनिटाला सगळ्या वाट्यांत एकच तपकिरी रंग असतो.

रंगवताना भोपळा हलतो, मूल चिडतं. काय करावं?

जाड टॉवेलची गुंडाळी करून तिचं कडं बनवा आणि भोपळा त्यात बसवा. खोलगट वाडगाही चालतो. मूल बसलेलं असण्यापेक्षा उभं असलेलं बरं, म्हणजे ते स्वतः भोपळ्याभोवती फिरतं. आधी वरचा अर्धा भाग रंगवून वाळू द्यायचा. बूड रंगवायचंच नाही.

रंगांचा पसारा नको असेल तर?

मास्किंग टेप किंवा रंगीत कागदी टेप, स्टिकर, लोकर आणि बँडेजची पट्टी, एवढ्यावर बरंच काही होतं.

सगळ्यात सोपं म्हणजे गुंडाळलेला भोपळा. कापडी बँडेजच्या चार-पाच सेंटिमीटर रुंद पट्ट्या घ्या, पहिलं टोक मागच्या बाजूला टेपने चिकटवा आणि मुलाला आडवंतिडवं गुंडाळायला सांगा. मध्ये दोन बोटं जागा मोकळी ठेवून तिथे कागदी डोळे लावले की काम झालं. नीटनेटकं गुंडाळलं तर उलट वाईट दिसतं, त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाच्या हाताला हे अगदी योग्य.

छोट्या काळ्या भोपळ्याचा कोळी करायचा तर लवदार तारेचे आठ तुकडे, प्रत्येकी १२ ते १५ सेंटिमीटरचे, लागतात. तारेची टोकं टोचतात. दोन्ही टोकं अर्धा सेंटिमीटर आत वळवूनच मुलाच्या हाती द्या. पाय गोंदाने उभे राहत नाहीत. भोपळ्याच्या दोन्ही बाजूंना दाभणाने चार-चार भोकं पाडून त्यांत खोचायचे.

घुबडासाठी दोन मोठी कागदी वर्तुळं, त्यांत दोन लहान आणि खाली त्रिकोणी चोच. मांजरासाठी दोन त्रिकोणी कान आणि लोकरीच्या मिशा. इथे एक बारकावा उपयोगी पडतो: गोलाईवर मोठा सपाट कागद चिकटवला की कडा उचलल्या जातात. वर्तुळाला कडेपासून मध्याकडे तीन-चार चिरा दिल्या की ते वळणावर नीट बसतं.

तीन वर्षांखालचं मूल आसपास असेल तर प्लॅस्टिकचे हलणारे डोळे, बटणं आणि मणी वापरू नका. गोंद सुटला की ते थेट तोंडात जातात. चमकीही टाळा: ती डोळ्यांत जाते, आणि भोपळा नंतर खतात टाकता येत नाही.

खुंट्या ठोकण्याचा खेळ कसा करायचा?

चार ते सात वर्षांच्या मुलांसाठी यापेक्षा चांगलं काम आम्ही सुचवू शकत नाही. गोल्फचा चेंडू ज्यांवर ठेवतात त्या लाकडी खुंट्या, म्हणजे टी, साधारण वीस-पंचवीस घ्या आणि एक हलकी लाकडी हातोडी. लोखंडी नको, ती उसळून बोटावर बसते.

साल कडक असते, मुलाच्या ठोक्याने खुंटी आत जात नाही आणि दोन मिनिटांत उत्साह मावळतो. म्हणून मोठ्याने आधी दाभणाने किंवा पेचकसाने सेंटिमीटरभर खोल भोकं पाडून ठेवायची, दोन भोकांत निदान तीन सेंटिमीटर अंतर राखून. खुंटी भोकात उभी करून मोठ्याने हात बाजूला घ्यायचा आणि मग मुलाने ठोकायचं. मुलाने एका हाताने खुंटी धरून दुसऱ्याने ठोकायचं नाही, हा नियम पहिल्या ठोक्याआधीच सांगून ठेवा. भोपळा घडी केलेल्या टॉवेलवर ठेवला की आवाज कमी होतो आणि तो सरकत नाही.

ठोकून झालं की रंगीत रबरबँड या खुंट्यांवरून त्या खुंट्यांवर ताणायचे. त्रिकोण, चांदण्या, जाळी असं काहीही होतं. अर्धा तास सहज जातो. भोकं पडल्यामुळे हा भोपळा आठवड्याभरात मऊ पडू लागतो, तेव्हा तो फार आधी करून ठेवू नका.

झाडाची पानं भोपळ्यावर कशी चिकटवायची?

पातळ पानं निवडा आणि जाड पुस्तकात दोन दिवस दाबून ठेवा. जाड, चिवट पान कितीही गोंद लावला तरी कडेला उचलतंच. दोन भाग पांढरा गोंद आणि एक भाग पाणी एकत्र करा, सालीवर पातळ हात मारा, पान ठेवा, मधून कडेकडे बोटाने दाबत न्या आणि वरून पुन्हा एक हात. दुधाळ दिसणारा गोंद वाळल्यावर पारदर्शक होतो. पतंगाच्या किंवा टिश्यू कागदाचे चौकोनही याच पद्धतीने बसतात, फक्त त्यांचा रंग ओल्या गोंदात उतरतो. फिके कागद आधी, गडद नंतर लावा.

मेणाचे खडू वितळवून रंगाचे ओघळ काढतात, ते घरी जमतं का?

जमतं, पण सहा वर्षांच्या पुढे, आणि हेअर ड्रायर मोठ्यांच्याच हातात. वितळलेल्या मेणाने भाजतं. खडूंचे कागद सोलून दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे देठाभोवती गोंदाने चिकटवा आणि गोंद पूर्ण वाळू द्या. ड्रायर सगळ्यात गरम पण हवेचा झोत सगळ्यात हळू ठेवायचा. झोत जोराचा असेल तर मेण ओघळण्याऐवजी भिंतीवर उडतं. रंग तीन-चारच, एकमेकांच्या जवळचे. पांढऱ्या भोपळ्यावर हे सगळ्यात छान दिसतं.

कोरण्यासाठी स्वयंपाकघरातली सुरी का नको?

सुरी कडक सालीत रुतते. ती ओढताना किंवा ढकलताना जोर लावावा लागतो, मग ती एकदम सुटते आणि समोरच्या हातात घुसते. बोटांच्या आणि तळहाताच्या खोल जखमा अशाच होतात. भोपळ्यासाठीच्या छोट्या करवतीचं पातं अरुंद आणि बारीक दात्यांचं असतं. ते वर-खाली चालवायचं असल्यामुळे जोर कमी लागतो. तेही दुखापत करतं, पण एकदम निसटण्याचा प्रकार कमी.

पातं सालीला सरळ काटकोनात धरा. कोपऱ्यावर आलं की पातं आतल्या आत वळवू नका, तिथेच ते मोडतं; बाहेर काढून नव्या दिशेने पुन्हा घाला. दुसरा हात पात्याच्या पुढे कधीच नाही. हात आणि मूठ दर काही मिनिटांनी पुसत राहा, गराने दोन्ही बुळबुळीत होतात.

भोपळा वरून उघडायचा, खालून की मागून?

मूल गर काढणार असेल तर वरून. उभं राहून हात आत घालायला तेवढंच सोपं पडतं. भोक १२ ते १५ सेंटिमीटर रुंद हवं, नाहीतर चमचा धरलेली मूठ बाहेर येत नाही. करवत सरळ उभी न धरता ४५ अंशांत, टोक भोपळ्याच्या मध्याकडे करून चालवा. असं कापलेलं झाकण आत पडत नाही. मागच्या बाजूला एक छोटी खाच ठेवलीत तर झाकण कसं बसवायचं ते दर वेळी शोधावं लागत नाही.

खालून उघडलेला भोपळा दिव्यावर नुसता ठेवता येतो आणि झाकण आकसून आत पडण्याचा प्रश्न येत नाही. पण बुडातून पाणी झिरपतं, खाली ताटली हवीच. मागून उघडणं दिसायला सगळ्यात चांगलं: देठ, बूड दोन्ही शाबूत राहतात.

आतून किती खरवडायचं?

ज्या बाजूला चेहरा येणार तिथली भिंत दोन ते अडीच सेंटिमीटरवर आणा. बाकीकडे रेषा आणि बिया निघाल्या की पुरे. टूथपिकवर दोन सेंटिमीटरला पेनाने खूण करून आतून टोचली की अंदाज येतो. दीड सेंटिमीटरच्या खाली गेलात तर दोन दिवसांत चेहरा आत झुकतो. तीनच्या वर राहिलं तर करवत अडते आणि आतला उजेड बाहेर नीट पडत नाही. आइस्क्रीमचा डाव किंवा धारदार कडेचा मोठा धातूचा चमचा यासाठी चांगला. प्लॅस्टिकचे चमचे मोडतात.

मुलाला आतल्या गराची किळस येते. हात घालायला लावावं का?

नाही. लांब दांड्याचा चमचा द्या, किंवा हातमोजे. थोडा गर आणि बिया जाड झिपच्या पिशवीत भरून, तोंड टेपने बंद करून दिलं तर अनेक मुलं ती पिशवी बराच वेळ दाबत बसतात आणि मग आपणहून भोपळ्याकडे वळतात.

काहींच्या हाताची कातडी कच्च्या भोपळ्याच्या रसाने ताणल्यासारखी होते, खाजते किंवा पापुद्रे निघतात. हात साबणाने धुवावेत आणि पुढच्या वेळी हातमोजे वापरावेत. अंगावर पुरळ उठलं, ओठ किंवा चेहरा सुजला, तर काम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

मुलाने कागदावर काढलेलं चित्र भोपळ्यावर कसं उतरवायचं?

कागद चेहऱ्याच्या जागी टेपने चिकटवा. गोलाईमुळे सुरकुत्या पडतील तिथे कडेला चिरा द्या. रेघांवरून टूथपिकने किंवा दाभणाने दर तीन-चार मिलिमीटरवर टोचा. भोक सालीत उमटलं की पुरे, आरपार नको. कागद काढल्यावर ठिपके दिसेनासे होतात आणि सगळा खटाटोप वाया गेल्यासारखा वाटतो. चिमूटभर पीठ किंवा खडूची पूड त्यावर चोळून हलकेच पुसा: ठिपक्यांत पांढरं अडकतं आणि चित्र स्पष्ट होतं.

टोचण्याचं काम सहा-सात वर्षांची मुलं फार मन लावून करतात.

कोणता चेहरा सोपा? मुलाचं चित्र तसंच कापता येईल का?

तसंच बहुधा नाही, आणि हे त्याला आधी सांगितलेलं बरं. कापलेला प्रत्येक आकार म्हणजे भोक. डोळ्याच्या गोलात बुबुळाचा गोल काढला तर बुबुळ खाली पडतं, कारण त्याला धरायला काहीच नसतं. ते बाजूच्या भागाला एका पट्टीने जोडलेलं राहायला हवं. दोन भोकांमध्ये निदान दीड-दोन सेंटिमीटर साल शिल्लक ठेवा. दात अडीच सेंटिमीटरपेक्षा अरुंद ठेवले तर ते दुसऱ्या दिवशी वाळून आत वळतात.

त्रिकोणी डोळे, त्रिकोणी नाक आणि दोनच दातांचं तोंड हा चेहरा इतका जुना झाला आहे तो सोपा असल्यामुळेच: सरळ रेघा, कमी कोपरे, जाड सांधे. गोल डोळे करवतीने काढणं त्यामानाने कठीण. ते हवेच असतील तर मोठ्याने ड्रिलने किंवा कुकी कटरने करावेत.

कापताना लहान आकार आधी आणि मोठे नंतर. तोंड सगळ्यात शेवटी, कारण ते कापलं की पुढची भिंत कमकुवत होते आणि त्यानंतरचा प्रत्येक धक्का तिला जाणवतो. तुकडा बाहेरून ओढू नका. आतून बोटाने ढकला. अडला तर कोपऱ्यांत पुन्हा करवत फिरवा, तिथेच तो धरलेला असतो.

कुकी कटर ठोकून आकार काढतात, ते का जमत नाही?

बहुतेक वेळा भिंत जाड असते. कटरच्या जागी आतून दोन सेंटिमीटरपर्यंत खरवडा. कटर धातूचा आणि अडीच सेंटिमीटर तरी उंच हवा. प्लॅस्टिकचा तडकतो, पातळ पत्र्याचा वाकतो. साधे आकार घ्या: गोल, चांदणी, हृदय. बारीक शेपट्या आणि पाय असलेले प्राणी सालीत अडकतात. रबरी हातोडीने मध्यभागी आणि कडांवर आळीपाळीने ठोका, कटर जवळजवळ पूर्ण आत गेला की पकडीने हलवत बाहेर काढा आणि तुकडा आतून ढकला. गोलाईमुळे कटरची एक कड आधी टेकते; तिथेच ठोकत राहिलात तर तो तिरका जातो. मुलाने ठोकावं, कटर मोठ्याने पकडीत धरावा.

ड्रिल वापरावं का?

मोठ्यांना सवय असेल तर जरूर. सहा आणि दहा मिलिमीटरची दोन पाती पुरतात. मुलाने स्टिकरचे ठिपके लावून जागा ठरवायची, मोठ्याने तिथे भोक पाडायचं. भोकांत निदान सेंटिमीटरभर अंतर. वेग कमी ठेवा, नाहीतर गर उडतो. डोळ्यांना चष्मा आणि मूल दोन हात लांब.

दात किंवा कोपरा तुटला तर?

टूथपिकचा अर्धा तुकडा मोडलेल्या भागात खोचा, दुसरं टोक जागेवर बसवा. गोंद ओल्या गराला धरत नाही. टूथपिक पुढे आलेली दिसत असेल तर कापून टाका, मुलांचे हात तिथे जातात.

आत मेणबत्ती लावावी की दिवा?

लहान मुलं असतील तिथे सेलवरचा एलईडी दिवा. ज्योतीवर वाकलेल्या मुलाचे केस, बाह्या आणि वेशभूषेचे सैल कपडे पटकन पेट घेतात. पण एलईडीचाही एक गंभीर धोका आहे: छोट्या दिव्यांत बटणाएवढे चपटे सेल असतात. ते गिळले गेले तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं असेल तेच दिवे घ्या. मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता तातडीने रुग्णालयात न्या.

दिवा ओल्या बुडावर थेट ठेवू नका, काचेच्या छोट्या वाटीत ठेवा.

सजवलेला भोपळा किती दिवस टिकतो?

न कापलेला, फक्त रंगवलेला भोपळा थंड, कोरड्या जागी काही आठवडे सहज राहतो. कोरलेला साधारण तीन ते सात दिवस. उष्ण, दमट हवेत दोनच दिवसांत बुरशी धरते. म्हणून कोरण्याचं काम आदल्या दिवशी किंवा फार तर दोन दिवस आधी करा. ३१ ऑक्टोबरच्या हॅलोविनसाठी महिन्याच्या मध्यावर कोरलेले भोपळे त्या दिवसापर्यंत क्वचितच उभे असतात.

एक-दोन दिवस वाढवायचे तर चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर, साधं घरगुती ब्लीच घालून त्यात कोरलेला भोपळा पाच-दहा मिनिटं बुडवा आणि उलटा ठेवून पूर्ण वाळवा. हे काम मोठ्यांचं, मोकळ्या हवेत, हातमोजे घालून. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरं कोणतंही साफसफाईचं द्रावण कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. वाळल्यावर कापलेल्या कडांना व्हॅसलिनचा पातळ हात लावला की त्या सुकून आकसत नाहीत. मात्र मग आत ज्योत लावायची नाही. रात्री फ्रिजमध्ये जागा असेल तर पिशवीत घालून तिथे ठेवा. फ्रीझरमध्ये मात्र नको, बर्फ वितळल्यावर गराचा लगदा होतो.

कोरलेला भोपळा सुरकुतला. परत ताजा होतो का?

बुरशी नसेल तर बराचसा होतो. थंड पाण्याच्या बादलीत पाच-सहा तास बुडवून ठेवा. भोपळा तरंगतो, वर ताटली आणि वजन ठेवावं लागतं. नंतर उलटा करून वाळवा. हा उपाय एकदाच चालतो.

बिया मुलांना खायला द्याव्यात का?

पाच वर्षांखालच्या मुलांना सालासकट बिया नकोत, घशात अडकतात. मोठ्यांसाठी धुऊन, रात्रभर वाळवून, १६० अंश सेल्सिअसला वीस-पंचवीस मिनिटं भाजा आणि मध्ये एकदा हलवा. रंगवलेल्या किंवा ब्लीच लावलेल्या भोपळ्याचं काहीच खाऊ नका. नुसत्या शोभेसाठी वाढवलेल्या, चवीला कडू लागणाऱ्या भोपळ्याचं तर मुळीच नाही. त्यातल्या कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्याने पोट बिघडतं.

खायच्या नसतील तर मोजायला द्या. आधी अंदाज, मग दहा-दहाचे ढीग. मध्यम भोपळ्यात काहीशे बिया निघतात आणि अंदाज जवळपास नेहमीच कमी पडतो.

वर्गातल्या वीस मुलांना घेऊन करायचं असेल तर?

प्रत्येकाला एक छोटा भोपळा आणि शिवाय सगळ्यांत मिळून एक मोठा, ही मांडणी सगळ्यात कमी गोंधळाची. टेबलं वेगवेगळ्या कामांची लावा: रंग, स्टिकर आणि टेप, खुंट्या, गर उपसणं. एका टेबलावर पाचापेक्षा जास्त मुलं नकोत, आणि खुंट्यांच्या टेबलावर मोठा माणूस कायम हवा. झाकण आधीच कापून आणा. मुलांसमोर करवत काढलीत की बाकीची टेबलं रिकामी होतात. नावं रंगवण्याआधी बुडावर मार्करने लिहा; नंतर कुणाचा कोणता हे मुलांनाही ओळखता येत नाही.

कोरायला भोपळाच का वापरतात?

आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये हॅलोविनला सलगम कोरून त्यांचे कंदील करत. तिथून अमेरिकेत गेलेल्या लोकांना भोपळा मिळाला, जो मूळचा अमेरिका खंडातलाच. तो मोठा, आतून पोकळ आणि कोरायला सलगमपेक्षा कितीतरी मऊ, त्यामुळे तोच रूढ झाला. मुलाला फरक कळावा म्हणून सलगम चमच्याने पोखरायला देऊन पाहा. पाच मिनिटांत कळतो.

नंतर त्याचं काय करायचं?

बुरशी धरली की लगेच उचला, काळे ठिपके सुटे असतानाच. थांबलात तर बूड सुटतं आणि पाणी टेबलात मुरतं. म्हणून पहिल्या दिवसापासून खाली ताटली किंवा पुठ्ठा ठेवा. स्टिकर, तारा, खुंट्या, दिवा, टूथपिक सगळं काढा. न रंगवलेला भोपळा तुकडे करून खताच्या ढिगात जातो, अख्खा टाकला तर कुजायला फार वेळ लागतो. ॲक्रिलिक रंगवलेल्याची साल सोलून कचऱ्यात आणि आतला भाग खतात. मेण किंवा चमकी लागलेला सगळाच कचऱ्यात. रानात नेऊन टाकू नका, प्राण्यांना तिथे येण्याची सवय लागते. बिया खतात टाकण्याआधी वेगळ्या काढा, नाहीतर थोड्याच दिवसांत ढिगावर भोपळ्याचे वेल चढलेले दिसतील.